छपरं उतरवली त्या दिवशी

सकाळच्या दोन घटका सरल्या, उन्हाची तिरीप देवळाच्या पायरीवर आली आणि शिंगवाल्यानं शिंग फुंकलं. ही गोष्ट तिथून सुरू झाली. फार फार जुनी आहे. तेव्हा राजा कोण होता आणि राज्य कुणाचं होतं, हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. समुद्राच्या काठी, खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, एवढं मात्र नक्की.

त्या गावातली सगळी घरं मातीची आणि छपरं गवताची. कौलं होती ती फक्त देवळाला. दर चैत्रात जुनं कुजकं गवत उतरवायचं आणि नवं चढवायचं, म्हणजे पावसाळ्याची चिंता नको. ह्या कामाचा तिथं एक नियम होता. शिंग वाजलं की सगळ्या गावानं एकदम छपरं उतरवायची, आणि शेवटच्या घराचं गवत येईपर्यंत कुणीही आपलं घर झाकायचं नाही.

नियम वाईट नव्हता बरं का. त्याच्याआधी काय व्हायचं, ज्यांच्या घरात माणसं जास्त, ते पुढं जाऊन लांब लांब गवत उचलून आणायचे. म्हाताऱ्या, एकट्या बायकांच्या वाट्याला भुगा यायचा. भांडणं व्हायची, डोकी फुटायची. म्हणून कुणीतरी ठरवून दिलं, की उघडं व्हायचं तर सगळ्यांनी आणि झाकायचं तेही सगळ्यांनी. तेव्हापासून गवतावरून कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नव्हतं. चैत्रात पाऊस पडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. छपरं नसली की पोरं चांदण्या मोजत झोपायची. त्यांना तो सणच वाटायचा.

त्या वर्षी गावाच्या टोकाच्या घरात बाळंतीण होती. पहिलटकरीण. मुलगी झाली होती. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला अजून नाव नव्हतं. घरात तिला नुसतं 'बाय' म्हणायचे. तिची मूठ आईच्या करंगळीभोवती जेमतेम बसायची.

शिंग ऐकून नवऱ्यानं भिंतीला शिडी लावली. बाळंतीण बाजेवरून म्हणाली, "अहो, ऐका ना. आज वारा कसातरीच आहे."

"कसातरीच म्हणजे कसा?"

"काल नुसता अंगाला चिकटत होता. आज मध्येच एखादी गार झुळूक येतेय. बायचे पाय बघा."

नवऱ्यानं बाळाचे पाय तळहातावर घेतले. खरंच गार होते. तो वर छपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाजेवरचं तेवढं राहू देऊ का? चार हात जागा. बाकीचं उतरवतो."

सासू चुलीपाशी शेक करायला निखारे काढत होती. ती म्हणाली, "अरे, गावकाराला विचार आधी. उगाच लोक नावं ठेवतील. लेक झाली नाही तोच ह्यांना वेगळा नियम, म्हणतील."

तो गावकाराला, म्हणजे गावच्या म्होरक्याला विचारायला देवळाबाहेरच्या पाराकडे गेला. तिथं पारावर गावकार होता, देवीची पूजा करणारा गुरव होता, आणखी पाच-सहा जण होते. त्यात एक माडावरून नारळ उतरवणारा होता. जीभ भारी चालायची त्याची.

"काय रे," तो लांबूनच ओरडला, "छप्पर टाकून इकडे कुठं? राजकन्येला ऊन लागेल म्हणून छत्री मागायला आलास काय?"

"छत्री कसली, चवऱ्या ढाळायला माणसं मागेल तो!" दुसरा म्हणाला.

सगळे हसले. थट्टाच ती, मनात वाईट काही नव्हतं. बाळाचा बापही हसला. विचारायचं होतं ते राहूनच गेलं. "नाही, सहज आलो," तो म्हणाला.

"बरा आलास," गावकार म्हणाला. "पलीकडच्या तीरावर शेवटची होडी भरायची आहे गवताची. वल्ह्याला तुझ्यासारखा दुसरा नाही. जा, दुपारपर्यंत येशील परत."

त्यानं एकदा घराकडे पाहिलं. मग खाडीकडे निघाला.

आता खरं सांगायचं तर त्याच्या घरी ओली बाळंतीण आहे, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ह्याच्या घराचं आज राहू द्यावं, असं गावकाराच्या मनात आलंही होतं. गुरवाच्या मनात आलं. त्या नारळ उतरवणाऱ्याच्यासुद्धा आलं. पण नियम साऱ्या गावाचा, त्यात पहिलं बोट आपण कशाला घालायचं? गावकाराला वाटलं, गुरव बोलेल. गुरवाला वाटलं, त्याला गरज असेल तर तोच विचारेल. असं करत सगळे उठले आणि कामाला लागले.

त्याच्या घराचं छप्पर शेजाऱ्यांनी येऊन उतरवून दिलं. अगदी जपून उतरवलं. बाळावर कचरा पडू नये म्हणून बाजेवर लुगडं धरलं. एक शेजारी म्हणालाही, "पोर गोड आहे हो." पण वरचं गवत त्यानं ओढलंच.

दुपारी ऊन असं होतं की वाळूवर पाय ठेववेना. होडी अजून आली नव्हती. बाळंतीण बाजेवर बसून पदरानं बाळावर सावली धरत होती. आणि मग तो गार वारा आला.

सगळं गाव सुखावलं. घामेजलेल्या बायकांनी अंबाडे सोडले. भिंतीवर बसलेल्या गड्यांनी हात पसरले. "अहाहा! देवी पावली!" कुणी म्हणालं. म्हातारी माणसं अंगणात येऊन बसली. खरंच, इतका गोड वारा चैत्रात कुणी अनुभवला नव्हता.

गावाच्या टोकाला एकटी ती बाळंतीण वाऱ्याकडे पाठ करून बसली. बाळंतिणीला दारातली झुळूकसुद्धा सोसत नाही, आणि इथं तर दार कुठलं, डोक्यावर काहीच नव्हतं. ती म्हणाली, "आत्याबाय, मला ह्याची भीती वाटते."

सासू म्हणाली, "तुला कशाची वाटत नाही गं? काल मुंगीची वाटत होती."

एवढ्यात सासूचंच लक्ष समुद्राकडे गेलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब काळपट ढग, कुणी सतरंजीची गुंडाळी लोटत आणावी तसा, पाण्यावरून गावाकडे येत होता. त्याच्यापुढं पाणी शिसवी झालं होतं. वारा क्षणभर थांबला. मग उत्तरेकडून फिरला, आणि आता त्यात गोडवा नव्हता. अंगणाअंगणांत रचलेलं जुनं गवत उडालं. आणि पाऊस आला.

आषाढातला पाऊस कोमट असतो, अंगावर घेतला तरी माया करतो. हा तसा नव्हता. ह्याचे थेंब गार आणि टोचरे. मघा उन्हानं भाजलेली माणसं बघता बघता कुडकुडू लागली. कुणाच्याच घरात जायला आत उरलं नव्हतं. घर म्हणजे चार भिंती आणि मध्ये तळं. सगळं गाव देवळाकडे धावलं. पोरं आली, म्हातारे आले, भाताची गाडगी आली. बकऱ्यासुद्धा आल्या.

"बकऱ्या कशाला रे देवळात?" गुरव ओरडला.

"बकरीला कुठं विटाळ असतो, गुरवकाका?" नारळवाला म्हणाला, आणि तेवढ्यातही चारजण हसले.

टोकाच्या घरात बाळंतीण बाळाला पोटाशी घेऊन बाजेखाली शिरली होती. पण बाजेच्या सुंभातून पाणी गळत होतं आणि जमिनीवरून वाहत होतं. पाठीमागची भिंत फुगली, तिच्यातून मातीचा लपका पडला. सासू म्हणाली, "ऊठ, चल. इथं आपण गाडल्या जाऊ."

दोघी देवळापाशी आल्या. बाळ तेव्हा रडत होतं. मोठ्यानं रडत होतं.

दारातली माणसं मागं सरली. त्या गावात मूल जन्मलं की बारशापर्यंत त्या घराला सोयर असायचं. म्हणजे त्या घरातल्यांनी देवळाची पायरी चढायची नाही, कुणाला शिवायचं नाही. आणि देवी कडक. विटाळ झाला तर गावावर रोग आणते, असं सगळे लहानपणापासून ऐकत आले होते.

सासू पायरीखाली उभी राहून म्हणाली, "गुरवा, मी नाही येत. ही पण नाही येत. एवढं लेकरू तेवढं आत घे."

गुरवाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं. तो म्हणाला, "वयनी, माझ्या हातात असतं तर... गावकारांनी सांगावं. त्यांनी सांगितलं तर मी कोण नाही म्हणणारा?"

गावकार खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "देवळाचं बघणं तुझ्याकडे आहे गुरवा. त्यात मी कसं सांगू? गावानं ठरवावं."

गाव खाली बघू लागलं.

बायकांमध्ये एक जण होती, कडेवर स्वतःचं तान्हं असलेली. तिनं अंगावरची गोधडी अर्धी काढली. पायरीवरून खाली टाकली असती तरी पोचली असती, शिवाशिव होण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारी बसलेल्या जावेनं तिचा हात दाबला. "गप बस. एवढी मोठमोठी माणसं बसली आहेत, त्यांना कळत नाही का? आपणच पहिलं कशाला?" तिनं गोधडी परत ओढून घेतली. पण तिला ऊब लागेना.

बाहेर त्या दोघी वळचणीखाली, कौलांच्या कडेखाली, भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पाऊस तिरपा येत होता. सासू सुनेच्या पुढं आडवी उभी राहिली, म्हणजे पाणी आधी आपल्या अंगावर यावं. सुनेनं चोळी सोडून बाळाला उघड्या छातीशी धरलं आणि वरून पदर गुंडाळला. पदर ओला होता. दुसरं काहीच नव्हतं.

"पी गं बाय," ती म्हणत होती. "पी ना. एक घोट पी."

आत सगळ्यांना ते ऐकू येत होतं. भिंत ती केवढी! एक म्हातारा दोनदा उठला आणि दोनदा बसला. नारळवाल्यानं मान गुडघ्यांत घातली होती. आता थट्टा सुचत नव्हती. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. कुणीतरी एकानं 'येऊ द्या रे तिला' म्हणावं, की आपण सगळे 'हो हो' म्हणू. प्रत्येक जण मनातल्या मनात तयार बसला होता.

दिवेलागणीच्या सुमाराला बाळाचं रडणं थांबलं.

आतल्या एका बाईनं निःश्वास टाकला. "झोपलं बाई एकदाचं," ती म्हणाली. "बरं झालं."

"हो, बरं झालं," दोघी-तिघी म्हणाल्या. गाव थोडं सैल झालं. कुणी चुरमुरे काढले, पोरांना वाटले.

बाहेर सून म्हणाली, "आत्याबाय, ही हात सोडतेय."

सासूनं चाचपून पाहिलं. बाळाची मूठ उघडी झाली होती. सासूनं तिचे पाय चोळले, हात चोळले, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. चोळत राहिली, चोळत राहिली. शेवटी सुनेनंच तिचा हात धरला आणि म्हणाली, "पुरे. तिला दुखेल."

दुसऱ्या दिवशी सकाळ उजाडली ती इतकी सुंदर, की काय सांगू. आकाश धुतल्यासारखं निळं. हवेत गारवा. समुद्र शांत. अशी हवा त्या किनाऱ्यावर वर्षातून एखाददुसरा दिवसच असते. त्या हवेत होडी आली.

बाळाचा बाप पलीकडच्या तीरावर अडकून पडला होता. वारा होडीला पाण्यात उतरू देत नव्हता. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. त्यानं गवतावर शीड पांघरून ते कोरडं ठेवलं होतं. अंगातला सदराही त्यावर टाकला होता.

किनाऱ्यावर सगळं गाव उभं होतं. त्यानं होडीतूनच विचारलं, "माझ्या घरी सगळं नीट आहे ना?"

गावकारानं गुरवाकडे पाहिलं, गुरवानं वाळूकडे. मागून एक जण म्हणाला, "गवत चांगलं कोरडं राहिलं हो."

"मी काय विचारतोय?"

"हो, म्हणजे... होडी ओढून घेऊ या आधी," गावकार म्हणाला.

त्यानं सगळ्यांच्या तोंडावरून नजर फिरवली. मग वल्हं टाकलं आणि पाण्यातून धावत सुटला. कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

दुपारपर्यंत मूठभर मातीचं काम उरकलं. ती केवढीशी होती, तिला जागा ती किती लागणार! नाव नव्हतं, त्यामुळे कुणाच्या नावानं रडायचं हेही आईला कळेना.

आणि मग माणसं येऊ लागली. एकदम नाही, एकेकटी. एकमेकांना चुकवून. पहिल्यांदा ती कडेवर तान्हं असलेली बाई आली. तिनं गोधडी ओटीवर ठेवली आणि काही न बोलता गेली. मग तिची जाऊ आली. तिनंही गोधडी आणली होती. मग गुरवाची बायको आली, दुलई घेऊन. नारळवाला कांबळं ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत ओटीवर एवढा ढीग झाला की दारातून आत जायला वाट राहिली नाही. गावातलं एकही घर राहिलं नाही, सगळ्यांनी आणून दिलं.

शेवटी गावकार आला. त्याच्या खांद्यावर जाड घोंगडी होती. तो अंगणात उभा राहून म्हणाला, "पोरी, मी सांगणार होतो गं. देवाशप्पथ सांगतो. कुणी एकानं तोंड उघडलं असतं, तर मी लगेच घ्या म्हणणार होतो."

बाळंतिणीनं त्या ढिगाकडे पाहिलं. ती ओरडली नाही, शाप दिला नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "काल ह्यातली एक पुरली असती."

गावकार घोंगडी तिथंच टाकून परत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं शिंग न वाजवता माणसं गोळा केली आणि गावात पहिल्यांदाच नियम मोडून आधी टोकाचं घर शाकारलं. सगळ्यात लांब, सगळ्यात चांगलं गवत त्या घरावर चढलं. छप्पर असं दाट झालं की त्यातून आषाढाचा थेंबही आला नसता.

पण तोवर त्या घरातली माणसं खाडी उतरून गेली होती. नवरा, बायको, म्हातारी सासू. ओटीवरचं काहीच त्यांनी नेलं नव्हतं.

गावकऱ्यांना ते रिकामं घर मोडवेना आणि त्यात राहवेना. आपापल्या गोधड्या परत न्यायलाही कुणी पुढं होईना. त्या तिथंच कुजल्या. त्यानंतर त्या गावाची माणसं फार बोलेनाशी झाली. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळू लागली, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या डोळ्यांत तेच दिसायचं. हळूहळू एकेक घर उठून गेलं. आधी तान्ह्या मुलांची घरं गेली. कुणी कुणाला 'जाऊ नको' म्हणालं नाही. थांबवावं असं मनात सगळ्यांच्याच होतं. आता तिथं नुसती वाळू आहे आणि भरती आली की तीही नसते.

बोध एवढाच: मनातली दया वेळेवर तोंडातून बाहेर पडली नाही, तर ती नव्हतीच असं समजावं.

बायांनो, दादांनो, पोरांनो, ही गोष्ट ऐकून नुसतं हळहळू नका. ज्या घरात तान्हं बाळ आहे त्या घरी ती सांगा, आणि त्याच्या शेजारच्या घरी त्याच्याही आधी सांगा.